मासे जातायत कुठे? रीफ टँकच्या नोंदी

३ मार्च

आजपासून लिहून ठेवतोय, कारण नुसतं डोक्यात ठेवून गोंधळ वाढतोय. टँक खाऱ्या पाण्याचा, कोरलचा (प्रवाळाचा), ३५० लिटरचा, तीन वर्षांचा, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), आत साधारण ४० किलो लाइव्ह रॉक (जीवजंतू मुरलेले समुद्री खडक). मासे दहा. म्हणजे दहा होते. ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक यलो टँग, एक सिक्सलाइन रास, एक रॉयल ग्रामा, दोन बँगाई कार्डिनल, दोन फायरफिश आणि एक वॉचमन गोबी, ज्याच्या बिळात पिस्टल श्रिम्प (नांगीने टक्‌ आवाज काढणारी कोळंबी) भाड्याने राहते (खरं तर बीळ तीच खणते, भाडेकरू गोबीच). शिवाय एक क्लीनर श्रिम्प, हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे), टर्बो गोगलगायी.

गेल्या शुक्रवारी एक फायरफिश दिसेनासा झाला. परवापासून ग्रामा पण नाही. महिन्याभरात तीन टर्बो मेल्या, शंख रिकामे मिळाले. मुलगी रोज शाळेतून आली की काचेला नाक लावून मोजते, आज म्हणाली, "बाबा, आठच आहेत." मी म्हटलं असतील आत कुठेतरी. पण खाण्याच्या वेळेला जो येत नाही तो आत कुठेतरी असतो यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही.

संशय अर्थात सिक्सलाइनवर. आठ सेंटीमीटरचा जीव पण टँक त्याच्या नावावर असल्यासारखा फिरतो. चूक माझीच, फ्लॅटवर्म (कोरलवरचे चपटे किडे) खायला म्हणून त्याला सुरुवातीलाच सोडला आणि बाकी मंडळी नंतर आली. हा मासा सगळ्यात शेवटी टाकायचा असतो, हे मला टाकून झाल्यावर कळलं.

४ मार्च

पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५.६. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावून घेतला, नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून मागे एकदा फसलोय. पीएच सकाळी दिवे लागायच्या आधी ७.९, संध्याकाळी ८.२, म्हणजे नेहमीसारखाच, रात्री प्रकाश नाही म्हणून उतरतो. कोरल सगळे उघडलेले, हॅमर कोरल तर एवढा फुगलाय की शेजारच्या झोआ कोरलला पार झाकून टाकलंय. पाणी बिघडलेलं नाही.

अमोनिया शून्य आहे म्हणून कोणी मेलं नाही असं मात्र धरता येत नाही. इतक्या पाण्यात, एवढ्या मुरलेल्या रॉकमध्ये बोटाएवढा मासा मेला तर किटवर काही दिसत नाही. आणि प्रेतही मिळत नाही. ब्रिसल वर्म (केसाळ किडे), हर्मिट, वाळूतल्या नासारियस गोगलगायी मिळून एका रात्रीत सगळा फडशा पाडतात, सकाळी काटासुद्धा उरत नाही. त्यामुळे मासा "गायब" झाला म्हणजे कोणीतरी शिकार केली असं डोक्यात येतं, पण साफसफाईवाले कामावर होते एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

ओव्हरफ्लोचा डबा (जिथून पाणी खाली संपमध्ये पडतं) बघितला, फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) उलटा करून बघितला, संपमध्ये हात घातला, टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो. काही नाही.

८ मार्च

आज तासभर नुसता बसून राहिलो, मोबाईल दुसऱ्या खोलीत. कोण कोणाच्या मागे लागतं ते वहीत रेघा मारून लिहिलं. सिक्सलाइन उरलेल्या फायरफिशवर ७ वेळा, गोबीवर २ वेळा. टँग क्लाउनवर २, पण ते नुसतं शेपूट दाखवणं, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावली की विसरतो. क्लाउनची मादी माझ्या हातावर, ते मोजत नाही. एक बँगाई सारखा वर कोपऱ्यात रिटर्नच्या पाइपमागे (संपमधून पाणी परत वर आणणारा) उभा असतो, पाठीचा पंख जरा फाटलाय, बहुतेक सिक्सलाइनचंच काम. दुसरा बँगाई मधोमध मजेत.

सिक्सलाइनची पद्धत बघण्यासारखी आहे. तो सरळ धावून जात नाही. आधी रॉकवर टिपत टिपत, जणू काही खायलाच आलोय असा दाखवत जवळ येतो, लाल डोळा गरकन फिरवतो आणि मग एकदम बाजूने धडक. फायरफिश भोकात. हा परत टिपायला मोकळा. एवढं सात वेळा बघितल्यावर मला वाटलं, झालं, आरोपी सापडला.

११ मार्च

सकाळी सकाळी धक्का. समोरच्या वाळूवर क्लीनर श्रिम्प पडलेली, लाल-पांढरा पट्टा, लांब मिशा, पाय सगळे जागच्या जागी आणि डोळ्यांच्या जागी पारदर्शक. हर्मिट तिला ओढत होता. मी बायकोला हाक मारून म्हटलं हे बघ, आता श्रिम्पपण गेली. ती आली, खाली वाकली, आणि म्हणाली, "मग ती वर कोण बसलीये?" खडकाखाली उलटी लटकलेली, मिशा हलवत, एकदम कोरी करकरीत. कात टाकली होती. तीन वर्षं टँक ठेवून हे कळू नये म्हणजे कमाल आहे. डोकं एकदा खुनाच्या दिशेने गेलं की सगळीकडे प्रेतंच दिसतात.

१४ ते १७ मार्च

सिक्सलाइन पकडायचा ठरवला. जाळी घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही, त्याला रॉकमधली सगळी बिळं पाठ आहेत, मला नाहीत, आणि त्या भानगडीत कोरल तुटतात. रात्री झोपेत उचलावा तर तो फटीत चिकट पदार्थाची पिशवी स्वतःभोवती करून झोपतो आणि ती फट नेमकी कुठली हे आजवर कळलेलं नाही.

दोन लिटरची बाटली कापली, तोंडाचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला, कापलेली कड घासून घेतली, सगळीकडे बारीक भोकं पाडली म्हणजे वास बाहेर येईल, आत मिसिस (माशांचं खाणं, कोळंबीसारखे बारीक जीव).

पहिला दिवस: हर्मिट पाच, नासारियस एक. दुसरा दिवस: हर्मिट सात. सिक्सलाइन बाहेरून तीन चकरा मारून आतल्या खाण्याकडे बघून गेला आणि शपथेवर सांगतो माझ्याकडेही बघून गेला. मग युक्ती बदलली, बाहेर काहीच टाकायचं नाही, दिवसाचं सगळं खाणं बाटलीतच, आणि मी समोर बसायचं नाही. चौथ्या दिवशी दुपारी आत होता आणि असा काही थयथयाट की बाटली आडवी. संपमध्ये रेफ्युजियमचा कप्पा आहे, शेवाळ आणि बारीक किडे भरपूर, तिथे सोडला. अर्ध्या तासात तिथेही मालक.

वरचा टँक एकदम शांत. फायरफिश संध्याकाळी भोकापासून हातभर बाहेर आला. मी जाम खूश.

२१ मार्च

बँगाई एकच आहे. काल रात्री दोन होते, मी स्वतः मोजले. सिक्सलाइन खाली कैदेत चार दिवस. म्हणजे तो नव्हताच? की दुसरा कोणीतरी आहे? आज कामात लक्ष नव्हतं अजिबात.

रात्री दिवे गेल्यावर टँकमधून टक, टक असा आवाज येतो तो मी पिस्टल श्रिम्पचा म्हणून सोडून द्यायचो. आता डोक्यात मँटिस श्रिम्प शिरलीये. लाइव्ह रॉकबरोबर नकळत येते, वर्षानुवर्षं लपून राहते आणि मोठी झाली की मासे उचलते. मित्राला फोन केला तर तो म्हणाला रॉक सगळा बाहेर काढ, एकेक तपास. चाळीस किलो, त्यावर चिकटलेले कोरल. मी म्हटलं आधी कान लावू.

२२ मार्च

कान लावला. खरंच, काचेला कान लावून अकरा ते साडेबारा. एकूण १४ वेळा टक. दर वेळी डावीकडून खालून, जिथे पिस्टलचं बीळ आहे तिथून, उजवीकडे कान लावला की आवाज बारीक. एकदाही जागा बदलली नाही. शिवाय तिन्ही टर्बोचे शंख मी ठेवलेत ते काढून पाहिले. ठोसे मारणारी मँटिस असती तर शंखाला भोक पडलं असतं नाहीतर चुरा. इथे शंख अख्खे, फक्त दोघांच्या तोंडाची कड थोडी थोडी तुटलेली, कोणीतरी चिमट्याने तोडत बसल्यासारखी. हर्मिटने शंखासाठी मारलं असतं तर तो आत राहायला गेला असता, रिकामे टाकले नसते. म्हणजे मँटिस नाही, हर्मिट नाही. नांगी आहे कोणाची तरी.

२३ मार्च, रात्रीचे अडीच

टॉर्चला लाल कागद लावला. लाल उजेड यांच्यातल्या बऱ्याच जणांना धड दिसत नाही, त्यामुळे पळापळ होत नाही. रात्रीचा टँक म्हणजे वेगळंच गाव आहे. दिवसा एक ब्रिसल वर्म दिसत नाही आणि आता प्रत्येक फटीतून अर्धं शरीर बाहेर. ब्रिटल स्टारचे (तारामाशासारखा प्राणी) हात वाऱ्यावर सोडल्यासारखे. क्लाउन कोपऱ्यात आडवे होऊन डुलतायत.

आणि उजवीकडच्या कमानीखाली खेकडा. चार सेंटीमीटर तरी असेल, चॉकलेटी, पायांवर केस, नांग्यांची टोकं काळी. माझ्याकडे एमरल्ड क्रॅब आहे पण तो हिरवा, चपटा आणि त्याच्या नांगीचं टोक चमच्यासारखं. हा तो नव्हे. याच्या नांगीत बँगाई होता, म्हणजे बँगाईचा मागचा अर्धा भाग, काळे पट्टे ओळखू येत होते. एक नांगी धरून ठेवते, दुसरी बारीक तुकडे तोडून तोंडाकडे नेते, सावकाश, न सांडता. पंधरा मिनिटं मी श्वास रोखून बघत होतो. मग गुडघा काचेला लागला आणि तो एका क्षणात आत.

झोप काही आली नाही. सापडला एकदाचा.

२६ मार्च

खेकडा पकडला. उंच सरळ काचेचा ग्लास, आत कोळंबीचा तुकडा, ग्लास कमानीच्या तोंडाशी तिरका टेकवून ठेवायचा. खेकडा रॉकवरून चढून कडेपर्यंत येतो, वासाने आत घसरतो, आणि गुळगुळीत काचेवरून परत चढता येत नाही. पहिल्या दोन रात्री आमिषाभोवती ब्रिसल वर्मचा गुंता, तिसऱ्या रात्री साहेब आत. तोही संपमध्येच, पण सिक्सलाइनच्या कप्प्यात नाही, पलीकडच्या. खाली आता माझं छोटंसं तुरुंग झालंय.

२७ मार्च

सकाळी आनंदाच्या भरात या नोंदी पहिल्यापासून वाचायला घेतल्या आणि ८ मार्चवर अडकलो. "एक बँगाई सारखा वर कोपऱ्यात रिटर्नच्या पाइपमागे उभा असतो, पाठीचा पंख जरा फाटलाय, बहुतेक सिक्सलाइनचंच काम. दुसरा बँगाई मधोमध मजेत."

अरे. त्या तासात मी सिक्सलाइनच्या रेघा मारत बसलो होतो, बँगाईने बँगाईला काय केलं याचा रकानाच नव्हता. बँगाई लहानपणी घोळक्यात गुण्यागोविंदाने राहतात आणि मोठे झाले की जोडी असेल तरच टिकतात, दोन नर असले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात उभा करून ठेवतो, खाऊ देत नाही, पंख कुरतडतो, आणि हे दिवसा धावपळीचं नसतं म्हणून आपल्याला दिसत नाही. मी दोन घेतले तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते. गेले किमान तेरा दिवस तो वर उभा होता. खातही होता का, ते मी नीट बघितलेलं नाही.

मग खेकड्याने त्याला मारलं की मेलेला खाल्ला? मी जे बघितलं ते खाणं होतं. मारणं बघितलं नाही. तरीही खेकडा परत वर जाणार नाही, टर्बोचं खातं त्याच्यावर आहेच, आणि या जातीचे मोठे झाले की झोपलेला मासाही धरतात.

२९ मार्च

मुलगी ओरडली, "बाबा, जांभळा!" मी म्हटलं काहीतरीच. जाऊन बघतो तर मागच्या गुहेच्या छताला पोट लावून, उलटा, रॉयल ग्रामा. पुढून जांभळा, मागून पिवळा, शंकाच नको. जवळजवळ चार आठवडे मेलेला धरला होता. हे ग्रामा असे छताला उलटे राहतात हे माहीत होतं पण त्या गुहेचं तोंड मागच्या काचेकडे आहे आणि आपण बघतो पुढून. तिला दिसला कारण ती बाजूला स्टुलावर उभी राहून बघत होती. थोडा बारीक झालाय, शेपटीची कड खाल्लेली, तिथे वाहत येणाऱ्या बारीक किड्यांवर जगला असणार. पाइपेटने गुहेच्या तोंडाशी मिसिस सोडले. पहिले दोन तुकडे गेले, तिसरा टिपला.

सिक्सलाइन खाली गेल्यावर बारा दिवसांनी हा बाहेर आला. म्हणजे सिक्सलाइन निर्दोष होता असंही नाही बरं का. मारला नाही, पण कोंडून ठेवला होता.

२ एप्रिल

यूपीएसची वायर बदलायला स्टँड भिंतीपासून चार बोटं ओढला. मागे, स्कर्टिंगला चिकटून, फायरफिश. वाळलेल्या शेंगेसारखा कडक, वरचा लांब काटा तसाच उभा. ४ मार्चला मी टॉर्च मारली होती ती पुढून आणि डावीकडून, मागे उजव्या बाजूला नाही.

झाकणाला सहा मिलिमीटरची जाळी आहे, मी मोठ्या अभिमानाने सांगायचो की माझ्याकडून मासा उडी मारून जात नाही. पण रिटर्नचा पाइप यायला मागच्या उजव्या कोपऱ्यात जाळी कापली होती, पाइपच्या बाजूला दीड इंच मोकळं. फायरफिश घाबरला की एक तर भोकात जातो नाहीतर सरळ वर. त्याला कोणी वर पाठवला? सिक्सलाइनने, की दुसऱ्या फायरफिशने, कारण जोडी नसलेले दोन फायरफिशही एकमेकांना जगू देत नाहीत. ते आता कळायचा मार्ग नाही. भोकाला जाळीचा तुकडा झिप टायने बांधला, दहा मिनिटांचं काम, तीन वर्षं राहिलेलं.

६ एप्रिल

वहीत रकाने बदलले. आधी दोनच होते, "आहे" आणि "गेला". आता चार: दिसला, दिसला नाही (किती दिवस), प्रेत मिळालं (कुठे, कोणत्या अवस्थेत), मारताना पाहिलं. शेवटच्या रकान्यात गेल्या महिन्यातलं एकही नाव बसत नाही. मी ज्याला चार-पाच खून म्हणत होतो त्यात एक उडी, एक लपलेला, एक कात, एक बँगाई ज्याचं अर्धं उत्तर मिळालंय, आणि तीन गोगलगायी.

मोजायची वेळ पण ठरवली, दिवे लागल्यावर पहिल्या खाण्याला, आणि महत्त्वाचं म्हणजे तिन्ही बाजूंनी. मुलीने स्टूल कायमचं बाजूला नेऊन ठेवलंय.

१२ एप्रिल

सिक्सलाइनला एक संधी द्यायची म्हणून आज रॉकची मांडणी बदलली, उजवी कमान मोडून दोन वेगळे ढीग केले म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातील, आणि त्याला पारदर्शक अ‍ॅक्लिमेशन बॉक्समध्ये (बाकीच्यांची सवय व्हावी म्हणून वेगळं ठेवायचा डबा) वर टांगला. ग्रामा आता आधीपासूनचा रहिवासी, हा नवा पाहुणा. टँगला बॉक्स आवडला नाही, शेपटीजवळचं पातं काढून बॉक्सला घासत होता, म्हणून त्याच्या बाजूच्या काचेला बाहेरून आरसा लावला. दोन तास तो स्वतःशीच भांडला, बाकीच्यांना उसंत.

१९ एप्रिल

पाच दिवस बॉक्समध्ये ठेवून १७ ला सोडला. पहिला दिवस संत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संत. चार वाजता तेच, टिपत टिपत जवळ, लाल डोळा, बाजूने धडक, ग्रामा गुहेत. मी पंचवीस मिनिटांत ९ रेघा मारल्या. आज बाटली परत लावली आणि यावेळी तो तासाभरात आत, बहुतेक कैदेतलं जेवण आठवलं असावं.

त्याचा राग नाही. भांडकुदळ आहे पण फ्लॅटवर्म खरंच संपवले त्याने. मित्राच्या मोठ्या टँकमध्ये सगळे याच्या तिप्पट आकाराचे आहेत, त्याच्याकडे रविवारी जाईल. खेकडा संपमध्येच राहील, त्याला कोळंबी मिळते, मला बघायला मिळतं.

२७ एप्रिल

सिक्सलाइन पोचला. मित्र म्हणतो पहिल्याच दिवशी मोठ्या रासने त्याला दोनदा पिटाळलं. ठीक.

वर आता क्लाउन २, टँग, ग्रामा, बँगाई १, फायरफिश १, गोबी. ग्रामा पुढच्या काचेपर्यंत येतो, तोंड वासून फायरफिशला दाखवतो, पण ते नुसतं दाखवणं, मोजलं ३ वेळा, स्पर्श शून्य. नवीन मासा किमान दोन महिने नाही.

३० एप्रिल

सकाळची मोजणी, तिन्ही बाजूंनी: सहा दिसले. वॉचमन गोबी दिसला नाही, दिवस दुसरा. प्रेत नाही, जमिनीवर नाही, स्टँडच्या मागे नाही (ओढून बघितला). पिस्टलचं बीळ रॉक हलवल्यापासून मागच्या बाजूला सरकलंय. रात्री कान लावला, टक आवाज ११ वेळा, सगळे मागून.